घरचा प्रशिक्षक : हूह जुंग-मू आणि कोरियन फुटबॉलमधला जुना वाद

दक्षिण कोरियाचा फुटबॉल आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना दोन नावांमुळे ठाऊक असतो. एक मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला पार्क जी-संग आणि दुसरे २००२ च्या विश्वचषकात कोरियाला उपांत्य फेरीपर्यंत नेणारे डच प्रशिक्षक खूस हिडिंक. या दोघांच्या मागे एक तिसरा माणूस आहे आणि तो कोरियाबाहेर फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. विद्यापीठाच्या संघात खेळणाऱ्या आणि कोणत्याही व्यावसायिक क्लबला नको असलेल्या पार्कला राष्ट्रीय संघाची दारे पहिल्यांदा ज्यांनी उघडून दिली, ते प्रशिक्षक म्हणजे हूह जुंग-मू. कोरियन पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येते, म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख 'हूह' असाच केला आहे.

हूह १९८६ च्या विश्वचषकात खेळाडू म्हणून उतरले, १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांत ते संघाच्या प्रशिक्षण चमूत होते आणि २०१० मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी कोरियाला बाद फेरीत नेले. ही कारकीर्द समजून घ्यायची तर त्यामागचा एक वाद आधी ध्यानात घ्यावा लागतो. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक देशातला असावा की परदेशातला, हा प्रश्न कोरियात गेली पंचवीस वर्षे दर दोन-तीन वर्षांनी नव्याने पेटतो. परदेशी प्रशिक्षक हरला तर त्याला वेळ द्यायला हवा असे म्हणणारे लोक भेटतात. घरचा प्रशिक्षक बरोबरीत अडकला तरी त्याच्या राजीनाम्याची मागणी सुरू होते. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण सोलच्या क्रीडा पत्रकारांना सांगितली तर त्यांना ती लगेच पटेल. हूह यांची कारकीर्द या वादाच्या अगदी मधोमध उभी आहे, आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना आपापले पुरावे सापडतात, म्हणूनच ती सविस्तर पाहण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म १९५५ साली कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाकडील जिंदो बेटावर झाला. हे बेट तिथल्या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. जिंदो जातीचा कुत्रा निष्ठावान आणि चिवट मानला जातो आणि कोरियात त्याला नैसर्गिक वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ न सोडणाऱ्या या खेळाडूला पुढे 'जिंदोचा कुत्रा' हेच टोपणनाव मिळाले. आपल्या कानांना ते अपमानकारक वाटेल, पण कोरियात ती शाबासकी आहे. सोलमध्ये माध्यमिक शिक्षण, मग योनसे विद्यापीठ आणि १९७४ मध्ये राष्ट्रीय संघात प्रवेश, असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास. त्या काळी कोरियात व्यावसायिक लीग नव्हती. बँका, सरकारी कंपन्या आणि सैन्यदले यांचे संघ असत, खेळाडू त्या आस्थापनेच्या पगारावर असत, आणि सक्तीची लष्करी सेवाही अनेकदा सैन्यदलाच्या संघात खेळूनच पूर्ण केली जाई. हूह वीज कंपनीच्या संघात खेळले आणि नौदलाच्या संघातही खेळले. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण आणि उत्तर कोरिया गोलशून्य बरोबरीत राहिले आणि सुवर्णपदक दोघांना विभागून देण्यात आले. त्या संघात हूह होते. उत्तर कोरियाशी होणारी बरोबरी हा प्रकार पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्यांच्या वाट्याला वारंवार येणार होता.

१९८० मध्ये ते नेदरलँड्समधील पीएसव्ही आइंडहोवन या क्लबकडे गेले. युरोपात तेव्हा कोरियन खेळाडू म्हणजे जर्मनीतील चा बुम-कुन, आणि त्यांच्याखेरीज जवळजवळ कुणीच नाही. चा हे आघाडीपटू होते, गोल करत होते, त्यामुळे त्यांचे नाव वर्तमानपत्रांत ठळकपणे येई. हूह मधल्या फळीत खेळत आणि मधल्या फळीतल्या माणसाचे काम आकड्यांत सहसा दिसत नाही.

हे काम नेमके काय असते, ते इथे थोडक्यात सांगणे उपयोगी ठरेल, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. मधल्या फळीतील खेळाडू तीन प्रकारची कामे करतात. काही जण चेंडू घेऊन आक्रमण रचतात, काही जण दोन्ही गोलांच्या दरम्यान धावत संघाला जोडून ठेवतात आणि काही जण प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाचा धागा तोडतात. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत या तिसऱ्या कामाची रीत आजच्यापेक्षा वेगळी होती. आज संघ बहुधा मैदानाचे भाग वाटून घेतात आणि ज्याच्या भागात चेंडू येईल तो त्याला सामोरा जातो. तेव्हा समोरच्या संघात एखादा असामान्य खेळाडू असला की त्याच्यामागे आपला एक माणूस नेमून दिला जाई आणि नव्वद मिनिटे तो जिथे जाईल तिथे याने जायचे, एवढाच आदेश असे. हूह यांच्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाचा मिलाफ होता. ते गोलही करत, पण त्यांची ओळख राहिली ती पाठलाग करणारा खेळाडू म्हणून. तीन हंगामांनंतर ते मायदेशी परतले, तेव्हा १९८३ मध्ये सुरू झालेली व्यावसायिक लीग नुकतीच मूळ धरत होती. तिथे ह्युंदाईच्या संघाकडून खेळून त्यांनी आपली खेळाडू म्हणून कारकीर्द संपवली.

पण त्याआधी मेक्सिको होते. कोरिया १९५४ नंतर थेट १९८६ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरला होता, म्हणजे मध्ये ३२ वर्षे गेली होती. पहिलाच सामना अर्जेंटिनाशी, आणि अर्जेंटिनात दिएगो मॅराडोना. २ जून १९८६ ला मेक्सिको सिटीत झालेल्या या सामन्याचे एक छायाचित्र जगभर फिरले : मॅराडोनाच्या मांडीवर आदळणारा हूह यांचा पाय. कोरियन खेळाडूंनी त्या दिवशी मॅराडोनाला वारंवार पाडले, आणि तरीही अर्जेंटिनाच्या तिन्ही गोलांची आखणी त्यानेच केली. सामना ३-१ असा गेला. पार्क चांग-सनचा तो एक गोल विश्वचषकातला कोरियाचा पहिलावहिला गोल ठरला. एका माणसामागे एक माणूस लावण्याच्या पद्धतीची मर्यादा यापेक्षा स्वच्छपणे क्वचितच दिसली असेल. मॅराडोनाला पाडले की फ्री किक मिळत होती, फ्री किक मॅराडोनाच घेत होता आणि गोल तिथूनच जन्माला येत होते. पुढे बल्गेरियाशी १-१ अशी बरोबरी झाली आणि इटलीविरुद्ध २-३ अशी हार पत्करावी लागली. इटलीविरुद्धचा कोरियाचा दुसरा गोल शेवटच्या मिनिटांत हूह यांनीच केला. ही गोष्ट मात्र छायाचित्राच्या सावलीत कायमची झाकली गेली.

निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षण चमूत आले, मग पोहांगच्या पोलाद कंपनीच्या क्लबचे प्रशिक्षक झाले. १९९५ मध्ये पोहांगचा संघ लीगच्या अंतिम लढतीपर्यंत पोचून हरला. त्यानंतर ते चोननाम ड्रॅगन्सकडे गेले. हा क्लबही त्याच पोलाद कंपनीचा, पण हूह यांच्या जन्मप्रांतातला. चोननामबरोबर त्यांनी १९९७ मध्ये कोरियन एफए चषक जिंकला आणि दुसऱ्यांदा तिथे आल्यावर २००६ आणि २००७ मध्ये सलग दोनदा जिंकला. लीग आणि चषक यांतला फरक इथे लक्षात ठेवावा. लीगमध्ये वर्षभर सातत्य लागते आणि त्यासाठी खेळाडूंची मोठी फौज लागते. चषकाची स्पर्धा बाद पद्धतीची असते आणि तिथे एकेका सामन्याची नेमकी आखणी करणारा प्रशिक्षक लहान क्लबलाही तारून नेऊ शकतो. हूह यांना लीगचे विजेतेपद कधीच मिळाले नाही. त्यांचे टीकाकार हे आवर्जून सांगतात. परंतु राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपदही बरेचसे चषकासारखेच असते, हे ते सांगत नाहीत.

१९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकात मार्सेय येथे नेदरलँड्सने कोरियाला ५-० असे हरवले आणि प्रशिक्षक चा बुम-कुन यांना स्पर्धा चालू असतानाच पदावरून काढण्यात आले. नेदरलँड्सचे प्रशिक्षक कोण, तर खूस हिडिंक. त्याच वर्षी राष्ट्रीय संघ हूह यांच्याकडे आला आणि सोबत २००० च्या सिडनी ऑलिंपिकचा तरुण संघही आला. एकाच माणसाने दोन्ही संघ सांभाळायचे म्हणजे कामाचा ताण दुप्पट, पण त्यात एक सोय होती : तरुण संघात जो चांगला दिसेल त्याला थेट वरच्या संघात नेता येत होते. मार्च १९९९ मध्ये सोल येथे कोरियाने ब्राझीलला १-० असे हरवले. ब्राझीलच्या मुख्य संघाला हरवणारा तो पहिला आशियाई देश ठरला. किम डो-हूनने तो गोल अगदी अखेरीस केला होता.

पार्क जी-संगची निवड याच काळातली. म्योंगजी विद्यापीठात शिकणारा हा किरकोळ अंगाचा मुलगा कोणत्याही व्यावसायिक क्लबने घेतला नव्हता. हूह यांनी त्याला ऑलिंपिक संघात घेतले तेव्हा फुटबॉलच्या वर्तुळात कुजबुज झाली की, म्योंगजीच्या प्रशिक्षकांशी 'बदुक' या बैठ्या खेळात हरल्यामुळे त्यांनी हा मुलगा घेतला असावा. हूह यांना बदुकचा नाद होता हे खरे, पण त्या मुलाचे न थकणारे पाय पाहून त्यांना आपले तारुण्य आठवले असेल, असा माझा तर्क आहे. विद्यापीठाच्या संघात खेळणारा ली यंग-प्यो हादेखील त्याच सुमारास त्यांच्याकडे आला. सोल की-ह्यॉन, ली चुन-सू, सोंग चोंग-गुक ही नावेही त्यांच्याच काळात पुढे आली. २००२ च्या संघाची यादी समोर ठेवली की यातले प्रत्येक नाव तिथे सापडते.

निकाल मात्र त्यांच्या बाजूने लागले नाहीत. सिडनीत कोरिया स्पेनकडून ३-० असा हरला, मग मोरोक्को आणि चिली या दोघांना १-० असे हरवले. तीन संघांचे सहा-सहा गुण झाले आणि गोलफरकाच्या हिशोबात कोरिया बाहेर गेला. गटातले तीनपैकी दोन सामने जिंकूनही पुढे न जाणे हे दुर्दैव असते, पण पहिल्या सामन्यातल्या तीन गोलांनीच ते ओढवून घेतले होते, हेही नाकारता येत नाही. त्यानंतर लेबनॉनमध्ये आशियाई चषकात इराणला हरवून संघ उपांत्य फेरीत गेला आणि तिथे सौदी अरेबियाकडून हरला. हाती तिसरे स्थान आले. घरच्या विश्वचषकाला दीडच वर्ष उरले असताना एवढ्यावर समाधान मानायला कोणी तयार नव्हते. हूह गेले आणि हिडिंक आले.

२००२ मध्ये जे घडले त्याचे श्रेय कोणाचे, हा कोरियातला न संपणारा विषय आहे. हिडिंक यांनी केलेले काम खरे आणि मोठे होते. संघाला महिनोन्महिने एकत्र ठेवण्याची मुभा त्यांनी मिळवली, शारीरिक क्षमतेवर शास्त्रशुद्ध भर दिला आणि वयाने लहान खेळाडूने मैदानावरही ज्येष्ठांपुढे दबून राहायचे ही सवय मोडली. शिवाय कोणत्या विद्यापीठाचा, कोणत्या गटाचा, याच्याशी परक्या माणसाला काही देणेघेणे नव्हते, आणि निवडीत याचा मोठा फायदा होतो. पण त्यांनी घडवलेल्या संघातला कच्चा माल आधीच वेचून ठेवलेला होता. हिडिंक पुढे पीएसव्हीला गेले तेव्हा पार्क आणि ली यंग-प्यो यांना बरोबर घेऊन गेले. वीस वर्षांपूर्वी हूह याच क्लबकडून खेळले होते.

पुढची काही वर्षे कोरियाने परदेशी प्रशिक्षकांवरच भिस्त ठेवली. पोर्तुगालचे कोएल्यो आले, नंतर बोनफ्रेरे, अॅडव्होकाट आणि व्हर्बीक असे एकामागून एक डच आले. कुणी टिकले नाही. २००७ च्या अखेरीस मिक मॅकार्थी आणि जेरार उलिए या दोन युरोपीय प्रशिक्षकांकडे विचारणा झाली आणि दोघांनीही नकार दिल्यावर डिसेंबरमध्ये हूह यांचे नाव जाहीर झाले. म्हणजे पद मिळाले तेही बाहेरचे कोणी मिळेना म्हणून. ज्याला अशा रीतीने निवडले जाते, त्याच्या प्रत्येक बरोबरीकडे लोक पराभव म्हणूनच पाहतात.

आणि बरोबऱ्या खूप झाल्या. आशियातून २०१० च्या विश्वचषकात पोचण्याची वाट लांबची होती. आधी चार संघांच्या गटात घरी आणि बाहेर मिळून सहा सामने, त्यातून वर आल्यावर पाच संघांच्या गटात आठ, आणि त्यातले पहिले दोन थेट पात्र. असे एकूण १४ सामने हूह यांच्या संघाने खेळले, त्यातले सात जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. आज हा हिशोब भक्कम वाटतो, पण त्या वेळी चित्र निराळे होते. सोलमध्ये जॉर्डनविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवून सामना २-२ असा संपला तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना सोडले नाही.

उत्तर कोरिया तर दोन्ही टप्प्यांत त्यांच्याच गटात आला. उत्तरेने आपल्या राजधानीत दक्षिणेचे राष्ट्रगीत वाजवण्यास आणि ध्वज फडकवण्यास नकार दिला, म्हणून उत्तरेचे 'घरचे' सामने चीनमध्ये शांघायला खेळवले गेले. पहिले दोन गोलशून्य, तिसरा १-१ आणि चौथ्यात, एप्रिल २००९ मध्ये सोल येथे, अखेर १-० असा निसटता विजय मिळाला. उत्तरेचा संघ आपल्या गोलासमोर जवळजवळ सगळे खेळाडू उभे करून प्रतिहल्ल्याची वाट पाही. अशा भिंतीपुढे आक्रमण रचायला जे कल्पक खेळाडू लागतात, ते हूह यांच्याकडे सुरुवातीला नव्हते.

इथे त्यांच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा बदल झाला. की संग-युंग आणि ली चुंग-योंग या विशीच्या आसपासच्या दोघांना त्यांनी मधल्या फळीत आणले आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये कर्णधारपद किम नाम-इलकडून पार्क जी-संगकडे दिले. पार्क मितभाषी होता. मोठ्याने हाका मारून संघ चालवणारा कर्णधार तो नव्हता. पण मँचेस्टरहून लांबचा प्रवास करून यायचे आणि आल्याबरोबर सरावात सर्वांपेक्षा जास्त धावायचे, हे पाहिल्यावर इतरांना सांगायचे काही उरत नसे. सराव कसा असावा, तो किती वेळ चालावा, याबद्दल नव्या पिढीला प्रशिक्षकांशी बोलण्याचे धाडस त्याच्यामुळे आले. हूह यांचा आधीचा लौकिक हुकूम सोडणाऱ्या कडक प्रशिक्षकाचा होता. खेळाडूचे म्हणणे ऐकून घेण्याची ही सवय त्यांनी पन्नाशी उलटल्यावर लावून घेतली, आणि २००० मधल्या व २०१० मधल्या हूह यांच्यात मला जाणवणारा सर्वांत मोठा फरक हाच आहे. त्या नोव्हेंबरमध्ये रियाधला सौदी अरेबियावर २-० अशी मात झाली. सौदीला हरवायला कोरियाला १९ वर्षे लागली होती.

जून २००९ मध्ये दुबईत संयुक्त अरब अमिरातीला हरवून पात्रता निश्चित झाली. अखेरचा इराणविरुद्धचा सामना कोरियासाठी औपचारिक होता, पण इतरांसाठी नव्हता. १७ जूनला सोलमध्ये इराणने आघाडी घेतली. ती टिकली असती तर इराण गटात दुसरा येऊन पात्र ठरला असता. पार्कने उत्तरार्धात उशिरा बरोबरीचा गोल केला, इराण मागे पडला आणि त्याच दिवशी रियाधमध्ये सौदीला गोलशून्य बरोबरीत रोखून उत्तर कोरिया विश्वचषकाला पात्र ठरला. ज्या संघाने हूह यांना चार सामन्यांत सर्वाधिक सतावले, त्याला १९६६ नंतर पहिल्यांदा विश्वचषकात पोचवण्यात त्यांच्याच कर्णधाराचा वाटा होता. राजकारण्यांना जे जमले नाही ते गुणतक्त्याने एका संध्याकाळपुरते जमवले.

फेब्रुवारी २०१० मध्ये पूर्व आशियाई स्पर्धेत चीनने कोरियाला ३-० असे हरवले. चीनकडून कोरियाच्या मुख्य संघाचा हा पहिलाच पराभव होता, आणि तोही तीन दशकांहून अधिक काळच्या लढतींनंतर. गहजब झाला. युरोपातले खेळाडू त्या संघात नव्हते, हे कारण कोणी ऐकून घेतले नाही. चारच दिवसांनी टोकियोतच जपानला ३-१ असे हरवल्यामुळे प्रकरण थोडे निवळले. मे महिन्यात साइतामा येथे जपानला पुन्हा २-० असे नमवले, पार्कने त्यात पहिला गोल केला, आणि मग टीका करणाऱ्यांचा आवाज जवळजवळ बंदच झाला.

दक्षिण आफ्रिकेतला पहिला सामना १२ जूनला ग्रीसशी होता. २००४ मध्ये ग्रीसला युरोपचे विजेतेपद मिळवून देणारे ऑटो रेहागेल अजूनही त्यांचे प्रशिक्षक होते. सातव्या मिनिटाला की संग-युंगची फ्री किक आली आणि बचावपटू ली जुंग-सूने दूरच्या खांबाजवळ येऊन तिचे सोने केले. मध्यंतरानंतर पार्कने ग्रीसच्या बचावपटूकडून चेंडू हिसकावला, दोघांच्या मधून धावत जाऊन शांतपणे गोल केला. २-० हा निकालही ग्रीसला सुदैवी म्हणावा असा होता. १९५४ पासून १९९८ पर्यंत कोरिया विश्वचषकात १४ सामने खेळला होता आणि त्यातला एकही जिंकला नव्हता. २००२ आणि २००६ चे विजय डच प्रशिक्षकांचे होते. कोरियन प्रशिक्षकाच्या हाताखाली विश्वचषकातला सामना जिंकण्याची ही पहिली वेळ होती.

दुसऱ्या सामन्यात समोरच्या बाकावर मॅराडोना होता, या वेळी अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून. सामन्याआधी त्याने हूह आपल्याला चांगले आठवतात असे सांगत, १९८६ मध्ये कोरियन खेळाडू फुटबॉलऐवजी तायक्वांदो खेळले, असा जुना टोमणा पुन्हा मारला. सामना अर्जेंटिनाने ४-१ असा जिंकला. पार्क चू-यंगच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलात गेला, इग्वाइनने तीन गोल केले, कोरियाचा एकमेव गोल ली चुंग-योंगचा होता. या पराभवात हूह यांच्या निर्णयाचा भाग होता, हे स्पष्टच सांगायला हवे. ग्रीसविरुद्ध उजव्या बाजूला धडाक्याने खेळलेल्या चा डू-रीला बसवून त्यांनी ओ बोम-सोकला उतरवले. आक्रमणापेक्षा बचावाची हमी हवी हा त्यामागचा विचार दिसतो, पण ती बाजूच उघडी पडली. संपूर्ण संघ इतका खाली सरकला की चेंडू मिळाला तरी पुढे द्यायला कोणी नव्हते. तरीही ५८ व्या मिनिटाच्या आसपास २-१ असताना योम की-हुनला बरोबरीची संधी मिळाली होती आणि तो चेंडू बाहेर गेला.

डर्बनमधला नायजेरियाविरुद्धचा सामना मज्जातंतूंची परीक्षा पाहणारा ठरला. नायजेरियाने आघाडी घेतली, ली जुंग-सूने ग्रीसविरुद्धच्या गोलाच्याच चालीवर बरोबरी साधली, पार्क चू-यंगने फ्री किकवर थेट गोल करून स्वयंगोलाची परतफेड केली. मग नायजेरियाच्या याकुबूने रिकाम्या गोलासमोर अवघ्या काही पावलांवरून चेंडू बाहेर मारला. बदली खेळाडू म्हणून आलेल्या माजी कर्णधार किम नाम-इलने पेनल्टी क्षेत्रात चूक केली आणि त्या पेनल्टीवर याकुबूनेच २-२ केले. शेवटची वीस मिनिटे कोरियाने कशीबशी काढली आणि चार गुणांवर गटात दुसरे स्थान मिळवून बाद फेरी गाठली. आपल्या भूमीबाहेर कोरियाने हे पहिल्यांदाच केले होते.

२६ जूनला पोर्ट एलिझाबेथमध्ये उरुग्वेविरुद्ध गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यातल्या गोंधळाचा फायदा घेत लुइस सुआरेझने आठव्या मिनिटाला गोल केला. त्यानंतरचा बराच काळ, विशेषतः उत्तरार्धात, कोरियाने उरुग्वेला दाबून धरले. ली चुंग-योंगने ६८ व्या मिनिटाला बरोबरी साधली. पावसात चाललेल्या त्या सामन्यात कोरियाच जिंकेल असे वाटत असताना सुआरेझने ८० व्या मिनिटाला चेंडू असा वळवला की तो खांबाला लागून आत गेला. हूह यांच्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला खेळ त्यांच्या संघाने हरलेल्या सामन्यात केला, असे माझे मत आहे. अर्जेंटिनाविरुद्ध भिऊन मागे सरकलेला संघ नऊ दिवसांनी दुसऱ्या दक्षिण अमेरिकी संघावर चाल करून गेला, आणि चा डू-री उजव्या बाजूला परतला होता.

करार वाढवून न घेता ते पायउतार झाले. त्यांच्या जागी चो क्वांग-रे आले. हेही १९८६ च्या संघातले मधल्या फळीचे खेळाडू. हूह इंचॉन युनायटेडकडे गेले, पण तिथे निकाल मनासारखे लागले नाहीत आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पद सोडले. मैदानाच्या कडेला उभे राहण्याचे त्यांचे दिवस तिथेच संपले. पुढे ते फुटबॉल संघटनेचे उपाध्यक्ष झाले आणि २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात संघाबरोबर पथकप्रमुख म्हणून गेले. तिथे प्रशिक्षक होंग म्योंग-बो यांच्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही आणि दोघांनीही राजीनामे दिले. नंतर त्यांनी लीगच्या कारभारात आणि देजॉनच्या क्लबच्या अध्यक्षपदी काम केले.

घरचा की बाहेरचा हा वाद २०२४ मध्ये पुन्हा उफाळला. आशियाई चषकाच्या उपांत्य सामन्यात जॉर्डनकडून हरल्यावर राष्ट्रीय संघाचे जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन यांना काढले गेले. नव्या प्रशिक्षकाच्या शोधात दोन परदेशी उमेदवारांच्या मुलाखती युरोपात जाऊन घेण्यात आल्या आणि शेवटी निवड झाली ती होंग म्योंग-बो यांची. या वेळी लोकांचा राग घरच्या माणसाच्या निवडीपेक्षा निवडीच्या पद्धतीवर होता. नियम डावलले गेले का, अध्यक्षांनी आधीच ठरवले होते का, असे प्रश्न संसदेत विचारले गेले. संघटनेचे अध्यक्ष चुंग मोंग-ग्यू २०१३ पासून पदावर होते आणि चौथ्यांदा उभे राहत होते. त्यांच्याविरुद्ध हूह यांनी उमेदवारी जाहीर केली.

निवडणूक ८ जानेवारी २०२५ ला ठरली होती. मतदारांच्या निवडीत पारदर्शकता नाही अशी तक्रार घेऊन हूह न्यायालयात गेले आणि आदल्या दिवशी न्यायालयाने निवडणुकीला स्थगिती दिली. यात त्यांचे स्वतःचेच नुकसान होण्याची शक्यता होती, कारण उमेदवार सत्तरच्या आतला असावा असा नियम होता आणि १३ जानेवारीला त्यांना सत्तर पूर्ण होत होती. तरीही त्यांची उमेदवारी कायम राहिली आणि २६ फेब्रुवारीला मतदान झाले. या निवडणुकीत सामान्य प्रेक्षकाला मत नसते. संघटनेशी संलग्न संस्थांचे प्रतिनिधी, प्रशिक्षक, खेळाडू आणि पंच यांच्यातले मर्यादित मतदार मत देतात. १८२ वैध मतांपैकी चुंग यांना १५६, हूह यांना १५ आणि तिसरे उमेदवार शिन मून-सन यांना ११ मते मिळाली. होंग म्योंग-बो प्रशिक्षकपदी कायम राहिले आणि चुंग यांचा चौथा कार्यकाळ सुरू झाला.